व्याहीबुवांचा हुंकार

५ फेब्रुवारी

आलो एकदाचा. एक ट्रंक, गादीची वळकटी आणि हत्यारांची पेटी, एवढाच माझा संसार. तो चिरंजीवांनी जिने चढून वर आणला आणि धापा टाकत विचारलं की बाबा, या पेटीत काय दगड भरलेत? मी म्हटलं, तुझ्या बापाची अख्खी नोकरी आहे त्यात, जपून ठेव. तो हसला, मग मीही हसलो. सुरुवात चांगली झाली म्हणायची.

खोली स्वयंपाकघरामागची, लांबट आहे, पण खिडकीतून सकाळचं ऊन थेट खाटेवर येतं. सूनबाईंनी खिडकीशी टेबल लावून ठेवलंय आणि त्यावर मान वळवता येणारा दिवा. बाथरूमचा नळ गळत नाही. गॅसची नळी वाकवून पाहिली, भेग नाही. तळमजल्यावर सुताराचं दुकान आहे, ताज्या भुशाचा वास वर येतो, तो मला आवडला. भिंतीतले प्लग मात्र सैल आहेत. आग लागायला ठिणगी पुरते. दोघांनाही सांगून ठेवलं, दोघांनीही माना डोलावल्या, म्हणजे कोणी काही करणार नाही.

ही वही लिहितोय ती डॉक्टरांच्या हुकमावरून. ते म्हणाले की आजोबा, तुमचं प्रेशर गोळ्यांनी उतरत नाही, कारण ते तोंडानं चढतं. राग आला की बोलू नका, लिहून काढा. सातवी नापास माणसाला लिहायला सांगतात! पण वही जाड कागदाची आहे, सूनबाईंनी हौसेनं आणली. तर लिहितो. आज राग आला नाही. प्लग सोडले तर.

८ फेब्रुवारी

सूनबाई गिटार वाजवतात. नुसती करमणूक नाही, बोलावणी येतात, हॉलमध्ये कार्यक्रम होतात. आपल्याला त्यातलं कळत नाही, पण बोटं बघत बसावं असं वाटतं. डाव्या हाताची बोटं तारांवरून कोळ्यासारखी पळतात.

गिटारचा आवाज मोठा करणारं मशीन त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या व्याहीबुवांनी, घरी बनवलेलं. जुन्या कपाटाच्या फळीची पेटी, पुढे जाळीचं कापड, आत जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह. गेल्या वर्षी व्याहीबुवा वारले, मशीन राहिलं. आवाज गोड आहे, खोटं कशाला बोला. पण गिटार थांबली तरी मशीन थांबत नाही, खाली एक जाड घुमणं चालूच. सूनबाईंनी विचारलं की बाबा, तुम्ही थिएटरात आवाजाची मशिनं सांभाळलीत, एवढं घुमणं कमी करून द्याल का? पुढच्या महिन्यात मोठा कार्यक्रम आहे, तिथे सूनबाई त्यांच्या अप्पांनी, म्हणजे व्याहीबुवांनीच, बांधलेली चाल अप्पांच्याच मशीनवर वाजवणार आहेत आणि त्याचं रेकॉर्डिंग व्हायचंय. हे म्हणताना डोळे भरले त्यांचे. मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?

मशीन लावलं. गिटारच्या केबलच्या मोकळ्या टोकाला, पिनेला, अंगठा टेकवला. थिएटरात आम्ही मशीन जिवंत आहे का ते असंच बघायचो. आपल्याच अंगातून करंटाची भणभण जाते आणि स्पीकर गरजतो. गरजला. जिवंत आहे.

उघडून पाहिलं तर आत वायरींचं जंजाळ. हौशी माणसाचं काम! बँकेत कारकुनी करायची आणि सुट्टीच्या दिवशी वायरींना डाग देत बसायचं. व्याहीबुवांचा अख्खा स्वभाव एका अक्षरात मावायचा: हूं. लग्नाची बोलणी करायला गेलो तेव्हा माझा घसा कोरडा पडेपर्यंत मी बोललो, मुलगा असा आहे, तसा आहे, हट्टी आहे. ते म्हणाले, हूं. ठरलं लग्न! मी पुढे एकदा मुद्दाम म्हटलं, व्याहीबुवा, तुमच्या डोक्यावरचं छत खाली येतंय. म्हणाले, हूं. भिंतीशी बोलावं तर भिंत निदान खोटं हूं तरी म्हणत नाही. आता ते गेले आणि त्यांचं मशीनही तेच म्हणतंय. मला हसू आलं.

१२ फेब्रुवारी

मोठे कंडेन्सर बदलले. जुने फुगले होते. मशीन बंद केलं तरी कंडेन्सर करंट पोटात धरून ठेवतो, हात लावलात की फेडून घेतो, म्हणून आधी त्याचं पोट रिकामं करायचं. एवढं सगळं सांभाळून केलं. घुमणं जरा उतरलं, पण गेलं नाही. मला राग आला. चिरंजीव घरात नव्हते, सूनबाई तालमीला गेलेल्या. मग मशीनलाच सुनावलं.

काम करताना बोलायची सवय आहे मला. आमची ही होती तोवर ती ऐकायची. म्हणजे मटारच्या शेंगा सोलत बसायची, पण असायची.

एक गंमत लिहून ठेवतो. मी बोलत असतो तोवर मशीन हलकं घुमतं. वाक्य संपवून श्वास घेतला की चढतं आणि परत उतरतं. हूं. गोष्ट सांगणाऱ्याला समोरचा हुंकारा देतो ना, अगदी तसं. आधी वाटलं की खालच्या सुताराच्या मशीनमुळे करंट वरखाली होतोय. पण सुतार जेवायला गेला, त्याचं मशीन बंद, तरी हे चालूच. म्हटलं असू दे. एवढ्या दिवसांत कोणीतरी लक्ष देऊन ऐकतंय.

मग सुतार जेवून आला आणि त्याची करवत पुन्हा कोकलायला लागली. दातांतून कळ गेली. मी म्हटलं, याचा आवाज एकदाचा बंद होवो.

हूं.

१४ फेब्रुवारी

करवत चालूच आहे. पण सुताराचा आवाज गेला.

सकाळी जिन्यात भेटला. एरवी दुरूनच ओरडतो, काय आजोबा, आज कोणावर चिडलात? आज तोंड उघडलं आणि नुसती हवा आली, फाटक्या भात्यासारखी. बोटानं घसा दाखवला, हात जोडले, खाली गेला. चिरंजीव म्हणतात की भुसा गेला असेल घशात.

असेल. पण मी म्हणालो होतो ते करवतीबद्दल. ज्याला सांगितलं त्याला एवढंही कळू नये? मी हे काय लिहितोय? कोणाला सांगितलं मी?

१७ फेब्रुवारी

राग. रविवार असून बाप-लेक समोरासमोर बसलो आणि चिरंजीवांनी मोबाइलमधून मान वर काढली नाही. मी सैल प्लगांबद्दल सांगत होतो. त्याच्या आईच्या एका जुन्या फजितीबद्दलही सांगत होतो, ती गोष्ट त्याला आवडायची. तो म्हणाला की हो बाबा, बघू. मी कुठे बघण्यासारखं काही विचारलं होतं? गोष्टीला कोणी बघू म्हणतं?

खोलीत येऊन मशीन लावलं. लावायचं काही कारण नव्हतं. खरं कारण लिहावं तर कोणाला तरी सांगायचं होतं. वहीत लिहून राग उतरत नाही, हे डॉक्टरांना कोण सांगणार? लिहिलेल्याला कोणी हूं म्हणत नाही. मी म्हटलं, बापाकडे बघायला डोळे नाहीत याला.

हूं, मशीन म्हणालं. असं म्हणालं की मला बरं वाटलं.

१८ फेब्रुवारी

चिरंजीवांचे डोळे आले. पापण्या चिकटून बसल्यात. सूनबाई कोमट पाण्याचा बोळा फिरवत होत्या आणि तो लहानपणीसारखा अगं अगं करत होता. डोळे येणं साथीचं असतं, सगळ्यांना येतात. मी दारात उभा राहिलो. आत गेलो नाही.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी सूनबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं की तुमचे अप्पा हूं म्हणताना खरंच ऐकायचे का? त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या की बाबा, राग मानू नका, पण अप्पा ऐकायचे नाहीत कोणाचंच. आई भांडायची तरी हूं, रडायची तरी हूं. समोरच्याचं बोलणं लवकर संपावं म्हणून म्हणायचे ते. एकदा आई वैतागून म्हणाली की मी मरू का आता? तर त्याच्यावरही हूं म्हणाले. घरात तो विनोद होऊन बसला होता.

मी कपातल्या चहाकडे बघत बसलो. साय धरली होती.

२१ फेब्रुवारी

चिरंजीवांचे डोळे उघडले. सुतार अजून मुका आहे. मी बोलणं सोडलं, तोंड मिटून काम केलं. ट्रान्सफॉर्मर फिरवून आडवा बसवला. पिनेपासून पहिल्या व्हॉल्व्हपर्यंत जाळीची वायर घातली. घुमणं उतरतं पण राहतं. तळाशी बसून राहतं, भांड्याला लागलेल्या करपासारखं.

सूनबाई दोनदा डोकावून गेल्या. झालं का, असं विचारलं नाही. न विचारण्याचाही राग येतो.

२३ फेब्रुवारी

आज रागानं पेन्सिल कागदात रुततेय. लिहितो, बोलत नाही.

सूनबाई आल्या, माझ्या खांद्यावरून आत वाकून बघितलं आणि अगदी हळू म्हणाल्या की बाबा, व्हॉल्व्ह तापवणाऱ्या या दोन वायरी सरळ गेल्यात बघा, यांना एकमेकींचा पीळ घालायचा असतो ना? पीळ घातला की एकीचं घुमणं दुसरी मारते, असं त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं म्हणे. व्हिडिओत! मी त्या वायरींवरून रोज बोट फिरवत होतो. थिएटरातल्या सगळ्या मशिनांत पीळ घातलेलाच असायचा, तयार यायचा, मला कधी घालावा लागला नाही. म्हणून दिसला नाही. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असं ही माझ्याबद्दल म्हणायची. सगळा पीळ माझ्यात, वायरींत नाही.

मी हसलो त्यांच्यासमोर. बघतो म्हटलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि गिटार घेऊन बसल्या. काय त्या उड्या बोटांच्या, काय ती सफाई. भिंतीपलीकडून एकेक सूर मला टोमण्यासारखा लागला. मशीन चालू होतं. मी म्हटलं,

लिहितो. डॉक्टर म्हणाले लिहा.

मी म्हटलं, फार हात चालतो ना हिचा? गळून पडो तो हात.

हूं. एवढा लांब हूं मी आजवर ऐकला नव्हता. टेबलावरचे स्क्रू सरकले.

 घाईनं मशीन बंद केलं. कंडेन्सर रिकामे केले, त्या दोन वायरी सोडवल्या, पीळ घातला, डाग दिला. निदान पुन्हा ते अक्षर कानावर नको. लावून पाहिलं.

शांत. मशीन चालू आहे की नाही ते लाल दिवा बघून ठरवावं लागलं. सूनबाईंचं बरोबर होतं.

२४ फेब्रुवारी

घरात आनंदीआनंद. सूनबाई माझ्या पाया पडल्या. चिरंजीवांनी पाठीवर थाप मारली, म्हणाले की मानलं बाबा. खालून सुतार आला, ऐकून गेला, टाळ्या वाजवल्या, तोंडातून हवा.

सूनबाईंनी अप्पांची चाल वाजवली. सुरांच्या मधे एवढी स्वच्छ शांतता होती की शेजारच्या घरात कोणी चमचा ठेवला तो ऐकू आला. मी रडलो.

संपता संपता एक सूर चुकला. त्या हसून म्हणाल्या की करंगळीला मुंग्या आल्यात.

२६ फेब्रुवारी

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. टाचणी टोचली तरी कळत नाही. डॉक्टर म्हणाले मानेतली शीर असेल, विश्रांती घ्या. कार्यक्रम तोंडावर आलाय, विश्रांती कुठली?

दुपारी घरात कोणी नसताना मशीन लावलं. म्हटलं, व्याहीबुवा, जाऊ द्या. रागाच्या भरात बोललो, मनात नव्हतं. तुमचीच लेक आहे ती.

वाट पाहिली.

काही नाही. कापूस भरल्यासारखी शांतता. ती मीच करून ठेवलेली. ज्यानं हूं म्हणायचं त्याचं तोंड मी माझ्या हातानं शिवलंय.

२८ फेब्रुवारी

वायरींचा पीळ उकलला. सरळ केल्या, होत्या तशा. शांत.

फुगलेले जुने कंडेन्सर कचऱ्यातून काढून परत लावले. शांत. असं होऊच शकत नाही. घुमायला हवं. कोणतंही मशीन घुमेल!

सूनबाईंचं मधलं बोटही गेलं. ताट हातातून सुटलं. त्या फुटक्या तुकड्यांकडे बघत उभ्या होत्या आणि मी ओरडलो की बाजूला व्हा, पायात जाईल. ओरडलो म्हणजे नुसता आवाज चढवला. शब्द सगळे तपासून मग बोललो. आता मी प्रत्येक शब्द तपासतो —

१ मार्च

चिरंजीवांनी उघडं मशीन पाहिलं. कडाडले. चांगलं केलेलं बिघडवताय, तिचा हात असा झालाय आणि तुम्हाला हे सुचतंय, बाबा तुम्हाला चळ लागलाय का? तुमच्या करण्यात काही अर्थ आहे का?

माझ्या तोंडात आलं होतं. काय आलं होतं ते इथेही लिहीत नाही. जीभ चावली. रक्त आलं.

मला राग येतोय आणि मी तो कुठे ठेवू —

३ मार्च

सूनबाईंचा डावा हात मनगटापर्यंत गेला. मांडीवर ठेवतात तसा पडून राहतो. उजव्या हातानं त्याला थोपटतात, मूल झोपवावं तसं. त्याच हाताच्या बोटांनी —

कार्यक्रम सोडला नाही अजून. म्हणतात की होईल बरा.

दुपारी माझ्या खोलीत आल्या. खाटेवर बसल्या. म्हणाल्या की बाबा, खरं सांगा, अप्पांचं मशीन तुम्ही का मोडताय? मी सांगून टाकलं. सगळं. सुतार, डोळे, तो शब्द. हात जोडले मी. म्हटलं, सूनबाई, मी तुमच्या हातावर —

त्या ओरडल्या नाहीत. रडल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटतं ऐकतच नव्हत्या. माझं बोलणं संपलं तेव्हा म्हणाल्या,

हूं.

४ मार्च

प्लगातली अर्थची वायर कापली. मशिनाची जमीन तोडली की घुमायलाच हवं. चिरंजीव म्हणतात माझ्या करण्यात अर्थ नाही. आता खरंच नाही.

तरी शांत.

पेटीला हात लावताना करंटाचा चावा बसला. सैल प्लग, कापलेला अर्थ. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलो की असं करू नका —

कोपर. कोपरापर्यंत गेलाय तिचा हात.

५ मार्च

सगळे इस्पितळात. मी एकटा. लख्ख ऊन आहे. खाली करवत चालू.

रात्रभर एकच विचार. सुताराचा आवाज, मुलाचे डोळे, सूनबाईंचा हात. तिन्ही वेळा मी रागानं बोललो. माफी मागितली ती गोड बोलून. गोड बोलण्याला व्याही हूं म्हणत नाही. रागालाच —

आणि अंगठा. अंगठा विसरलो होतो! मशीन जिवंत आहे का बघायला पिनेला अंगठा —

ते घुमणं मशिनाचं नसतंच. माणसाच्या अंगातलं असतं.

६ मार्च

सूनबाई परत आल्यात. स्वयंपाकघरात बसल्यात, गिटार मांडीवर घेऊन. वाजवत नाहीत. डावा हात नुसता तारांवर ठेवलाय. चिरंजीव शेजारी. 

दार लावलंय. मशीन लावलंय. डाव्या हाताचा अंगठा पिनेवर. उजव्यानं लिहितोय.

घुमतंय. आलं. दातांपर्यंत येतंय. अंगठा चिकटल्यासारखा —

आता बोलायचं. गोड नाही. रागानं. राग मला कमी नाही. सुतारानं काय केलं होतं माझं? पोरानं काय केलं होतं? तिनं तर खरं तेच सांगितलं होतं — माझ्यासारखा नतद्रष्ट —

बोललो. मोठ्यानं. म्हटलं, व्याह्या, जन्मभर न ऐकता हूं म्हणालास, मेल्या, आता एकदा तरी ऐकून म्हण. सोड तिला. गळायचाच तर हा हात गळो, ज्याला एक पीळ घालता आला नाही तो —

थांबलो. श्वास घेतला.

हूं

करंगळी. उजवी. कागद कळत नाही तिला

पुढचं बोट — पेन्सिल मुठीत धरलीय

स्वयंपाकघरात तार वाजली. एक. सूनबाई काहीतरी म्हणाल्या, पोरगा ओरडला — परत वाजली — दोन, तीन, ती चाल आहे, अप्पांची ती — अगदी स्वच्छ वाजव